गिटारची मान व तिच्यातील सळई

पेटी व तबला यांच्या जोडीला गिटार येऊन आपल्या मंडळ्यांत आता बरीच वर्षे झाली. धार, देवास यांसारख्या गावी बहुधा एकाच गिटारवर चार-पाच मुले शिकतात. ती बिघडली तर दुसरी लगेच मिळत नाही, आणि जाणता कारागीर हवा असेल तर इंदूर गाठावे लागते. म्हणून या वाद्याच्या मानेत दडलेल्या एका सळईचा आपण या पाठात विचार करू. तिला ट्रस रॉड म्हणतात. कोणी तिला हात लावायला भितात, तर कोणी हातात चावी आली की फिरवू लागतात. दोहोंचे कारण एकच आहे. सळईचे काम कोणते, हे ठाऊक नसते.

१. सळई कशासाठी असते?

पोलादी तारांची गिटार सुरात लावली की सहा तारांचा मिळून सुमारे ७० ते ७५ किलोचा ताण मानेवर पडतो. धनुष्याची दोरी जशी काठीला वाकवते, तशा या तारा मानेला पुढे वाकवू पाहतात. सळई मानेच्या आत, पडद्यांच्या पट्टीखाली बसवलेली असते. ती घट्ट केली की मानेला उलट दिशेने रेटते आणि तारांच्या ओढीला तोलून धरते. अमेरिकेतील गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यू यांना अशा फिरवता येणाऱ्या सळईचे पेटंट १९२३ साली मिळाले. मार्टिनसारख्या जुन्या कंपनीने मात्र आपल्या गिटारींत ती १९८५ साली घातली. तोवर त्यांच्या मानेत न फिरणारा आधार असे. नायलॉनच्या तारांचा ताण बराच कमी असल्याने त्या गिटारींत बहुधा सळई नसते. काही स्वस्त गिटारींतही ती नसते, किंवा असली तरी फिरवता येत नाही. तेव्हा ती आहे की नाही, हे आधी पाहावे. तिचे टोक ध्वनिछिद्रातून आत पाहिल्यास दिसते, नाही तर खुंट्यांजवळच्या लहान झाकणाखाली असते.

२. सळई कशासाठी नसते?

हा या पाठाचा मुख्य मुद्दा आहे. सळई तारांची उंची कमी-जास्त करण्यासाठी नाही. ती मानेचा बाक ठीक करण्यासाठी आहे. बाक बदलला की उंची थोडी बदलते हे खरे. पण उंची वाढण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतले एकच मानेत असते.

माळव्याचे ऋतू पाहिले म्हणजे हे समजेल. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पिते. गिटारचे पोट फुगते, त्यावरची घोडी उचलली जाते आणि तारा उंच होतात. लहान मुलांची बोटे दुखू लागतात, व काही मुले तेवढ्यावरूनच ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे समजून वाद्य सोडतात. मग कोणी तरी सळई घट्ट करतो. पाऊस संपून हवा कोरडी झाली की पोट खाली बसते, तारा खाली येतात, आणि घट्ट केलेली मान त्यांना पडद्यांवर आपटवते. वाद्य खरखरू लागते. चैत्र-वैशाखात तर पट्टी आकसून पडद्यांची टोके बोटांना बोचू लागतात. दोष हवेचा असतो आणि शिक्षा मानेला होते.

३. आधी पाहावे कसे?

प्रथम सगळ्या तारा नेहमीच्या सुरात लावाव्या. सैल तारांवर केलेली परीक्षा खोटी ठरते. मग सर्वांत जाड तार एका हाताने पहिल्या पडद्यावर दाबावी, व दुसऱ्या हाताने मान जेथे पोटाला मिळते त्या पडद्यावर, म्हणजे बहुधा चौदाव्यावर, दाबावी. ताणलेली तार आता सरळ पट्टीचे काम करते. सातव्या पडद्यापाशी तार व पडदा यांत किती फट राहते ते पाहावे. साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे एखादे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट असली, तर मान ठीक आहे. सळईला हात लावू नये. अचूक माप हवे असल्यास मोटर मेकॅनिककडे फीलर गेज नावाची पातळ पात्यांची जुडी असते, ती मागून घ्यावी.

फट याहून बरीच मोठी असेल, तर मान पुढे वाकली आहे. फट मुळीच नसेल आणि पहिल्या चार-पाच पडद्यांवर खरखर येत असेल, तर मान जास्त सरळ झाली आहे किंवा मागे गेली आहे. एकाच पडद्यावर खरखर येत असेल, तर बहुधा तो किंवा पुढचा पडदा वर-खाली झालेला असतो. तेथे सळईचा उपयोग नाही.

४. फिरवावी कशी?

पहिली गोष्ट चावीची. षट्कोनी चावी, जिला ॲलन की म्हणतात, ती बहुधा ४ किंवा ५ मिलिमीटरची लागते. काही परदेशी गिटारींना इंचाच्या मापाची लागते. चावी तंतोतंत बसली पाहिजे. सैल चावीने बोल्टचे कोपरे झिजतात, आणि मग सळई असून नसल्यासारखी होते.

बोल्टच्या समोरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सळई घट्ट होते व फट कमी होते. उलट फिरवले की फट वाढते. घट्ट करण्यापूर्वी तारा थोड्या सैल कराव्या. एका वेळी पूर्ण फेऱ्याचा आठवा भाग, फार तर पाव फेरा पुरे. मग पुन्हा सुरात लावून फट मोजावी आणि एक दिवस वाट पाहावी, कारण लाकूड सावकाश मान्य करते. बोल्ट हलत नसेल किंवा करकरत असेल, तर तेथेच थांबावे. जोर लावून तुटलेली सळई बदलायची तर पट्टी उखडावी लागते, आणि तो खर्च अनेकदा गिटारच्या किमतीहून अधिक होतो.

५. तंबोऱ्यापासून एक धडा

देवासच्या वाचकांना हे शहाणपण नवे वाटू नये. पंडित कुमार गंधर्व १९४८ सालापासून १९९२ साली निधन होईपर्यंत तेथेच राहिले, आणि तंबोरे जुळवण्याची त्यांची काळजी गाणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. तंबोऱ्याच्या मानेत सळई नाही, पण उपायांचा क्रम आहे. आधी खुंटी, मग मणी, मग घोडीवरचा दोरा केसभर सरकवणे. एवढ्यानेही आवाज खुलला नाही, तरच कारागीर जवारीला कानस लावतो. घासलेले परत येत नाही, म्हणून ते शेवटी.

गिटारचाही असाच क्रम ठेवावा. आधी सूर, मग तारा जुन्या किंवा जास्त जाड आहेत का ते पाहणे, मग हवा, मग मानेची परीक्षा, मग सळई. घोडीवरची पांढरी पट्टी घासून तारा उतरवणे सर्वांत शेवटी, व तेही जाणत्याच्या हातून.

६. रोजची काळजी

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. वाजवून झाली की ती पेटीत ठेवावी. उन्हाच्या भिंतीवर किंवा कूलरच्या झोतासमोर टांगू नये. उन्हाळ्यात भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळलेला ओला स्पंज घालून ती डबी पेटीत ठेवावी, मात्र लाकडाला पाणी लागू देऊ नये. पावसाळ्यात तेथेच सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या. एवढे केले तर सळईला वर्षात एक-दोनदाच हात लावावा लागेल, कदाचित लागणारही नाही.

मंडळीच्या गिटारची चावी एका जबाबदार व्यक्तीकडे असावी, आणि सळई केव्हा व किती फिरवली हे तारीख घालून एका वहीत लिहावे. पुढच्या पावसाळ्यात ती वही फार उपयोगी पडेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या मंडळीच्या गिटारमध्ये फिरवता येणारी सळई आहे का? तिचे टोक कोठे आहे?
२. श्रावणात तारा उंच झाल्या, पण सातव्या पडद्यापाशी फट पाव मिलिमीटरच आहे. काय करावे व काय करू नये?
३. परत फिरवता येणारे उपाय आधी का करावे? तंबोऱ्याच्या उदाहरणावरून सांगा.