आत कोण, बाहेर कोण

एडिसन, न्यू जर्सी
6 डिसेंबर 2020

चि. मुग्धा,


सकाळी फोनवर तुझं निम्मं लक्ष ईशानच्या खोकल्याकडे होतं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. निखिललाही वाचायला दे.

गुरुवारी ईशानला ताप आला, काल टेस्ट झाली. रिपोर्ट येईपर्यंत करोना आहे असं धरूनच वागायचं. ‘साधी सर्दी असेल’ म्हणत जे दिवस घालवतो, त्याच दिवसांत संसर्ग पसरतो.

मोठ्या माणसाला खोलीत एकटं ठेवता येतं, पाच वर्षांच्या पोराला नाही. म्हणून तुम्हा दोघांपैकी एकानेच त्याच्यासोबत आत राहायचं. आळीपाळीने मुळीच नको. पाळी बदलली की बाहेरचा माणूस नव्याने संपर्कात येतो. निखिलला दमा आहे, तेव्हा आत तू जा. वरची खोली आणि तिथली बाथरूम तुमची. थंडी असली तरी खिडकी थोडी उघडी ठेव, बाथरूमचा पंखा चालू ठेव. दोघंही मास्क लावा. झोपताना मात्र त्याचा काढ. ताट निखिलने दाराशी ठेवावं. भांडी गरम पाण्याने आणि साबणाने धुतली की पुरे.

मला जास्त काळजी तुझ्या सासूसासऱ्यांची. मार्चमध्ये विमानं बंद झाली तेव्हापासून त्यांचा मुक्काम वाढलाय, त्यात सासऱ्यांना मधुमेह. कालपर्यंत नातू त्यांच्या मांडीवर होता आणि निखिलच्या कुशीतही. त्यामुळे त्यांनी खालच्या खोलीत, निखिलपासूनही लांब राहावं. स्वयंपाकघरात एका वेळी एकच माणूस.

आता कॅलेंडर काढ. ईशानचा गुरुवार म्हणजे शून्यावा दिवस. 13 तारखेला दहा दिवस होतील. तेव्हा औषधाशिवाय 24 तास ताप नसला आणि खोकला उतरणीला लागला, तर तो सुटला. खालच्या मंडळींचे 14 दिवस आजपासून, म्हणजे 20 पर्यंत. पण आजीने 10 तारखेला त्याला जवळ घेतलं, तर तिची मोजणी 10 पासून पुन्हा सुरू. तू तर शेवटपर्यंत त्याच्याजवळ असशील, म्हणून तुझे 14 दिवस तो सुटल्यावरच सुरू होतील, ते 27 पर्यंत. नाताळातला पोकोनोजच्या सहलीचा बेत आजच रद्द करा. 2 तारखेला सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, 14 ऐवजी 10 दिवसांची, किंवा पाचव्या दिवशी वा नंतर केलेली टेस्ट निगेटिव्ह आल्यास 7 दिवसांची मुभा दिली आहे. घरात म्हातारी माणसं असताना ती घेऊ नका.

शाळेच्या नर्सला आणि गेल्या आठवड्यात ईशान ज्यांच्याकडे खेळला त्यांना आजच कळव. लोक काय म्हणतील, हा विचार नको. 1897 च्या प्लेगात पुण्यात इंग्रज अधिकारी रँडच्या अमलाखाली सैनिक घरांची झडती घेत, रोग्यांना छावणीत नेत. त्या धाकाने लोक आजारी माणसं लपवू लागले आणि आजाराला रानच मोकळं मिळालं. इथे काउंटीच्या आरोग्य खात्याचा फोन येईल, तो कुणाला उचलून न्यायला नव्हे. खरं सांग. मात्र सोशल सिक्युरिटी नंबर किंवा बँकेचा तपशील मागितला, तर फोन लबाडाचा समज आणि ठेवून दे.

तापाचं औषध त्याच्या वजनानुसार डॉक्टरांना विचारून. अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. श्वासाला त्रास, ओठ निळसर, उठवूनही जागा होत नाही, असं काही दिसलं तर मला विचारत बसू नकोस, 911 लाव. बरा झाल्यावरही काही आठवड्यांनी पुन्हा ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे किंवा पोटदुखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांग. मुलांमध्ये असा उशिरा उद्भवणारा त्रास यंदा दिसला आहे.

रिपोर्ट निगेटिव्ह आला, ताप गेला आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर सगळेच मोकळे. तोवर आजीला रोज संध्याकाळी खालून व्हिडिओवर गोष्ट सांगायला सांग. त्याला आपण शिक्षा भोगतोय असं वाटता कामा नये.

दुपारी किराणा आणि थर्मामीटर दारात ठेवून जाईन. मी गाडीत बसल्यावरच निखिलने दार उघडावं.

तुझी,
मावशी