तापलेल्या सुट्या भागाचा शोध : इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि खानदेशचा उन्हाळा

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावर वसलेले आहे. औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळे यंत्रसामग्री या परिसराला नवी राहिलेली नाही. तथापि इलेक्ट्रॉनिक साधनांचा खरा प्रसार कारखान्यांबाहेरच अधिक झाला आहे. पाणीपुरवठा योजनेचा पंप आपोआप चालू-बंद करणारे नियंत्रक, शेतकऱ्यांचे मोबाईल स्टार्टर, रस्त्यावरचे एलईडी दिवे, सौर कृषिपंपांच्या पेट्या या सर्वांच्या पोटात एक हिरवे कार्ड असते. ते कार्ड जळाले की ऐन वैशाखात गावाचे पाणी थांबते. म्हणून ते का तापते आणि तापणारा भाग कसा हुडकावा, हे गावपातळीवर कोणाला तरी माहीत असणे अगत्याचे आहे.

या तक्रारीचे स्वरूप बहुधा ठरावीक असते. पंप सकाळी नीट चालतो, दुपारी एकच्या सुमारास आपोआप बंद पडतो आणि सायंकाळी पुन्हा चालू होतो. ‘कार्डाला ऊन लागले’ असे म्हणून लोक तो विषय सोडून देतात. हे म्हणणे अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे आकडेमोडीने उलगडते.

अशा कार्डावर 7805 या क्रमांकाचा तीन पायांचा एक काळा रेग्युलेटर अनेकदा आढळतो. येणाऱ्या 12 व्होल्टपैकी तो 5 व्होल्ट पुढे देतो आणि उरलेले 7 व्होल्ट स्वतःच्या अंगावर घेऊन त्यांची उष्णता करतो. प्रवाह 0.1 अँपिअर असेल तर ही उष्णता 7 गुणिले 0.1, म्हणजे 0.7 वॉट होते. धातूची पट्टी न जोडता उघडा बसविलेला हा रेग्युलेटर दर वॉटमागे सुमारे 65 अंश तापतो. त्यामुळे 0.7 वॉटला तो भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे 45 अंशांनी अधिक गरम राहील. हवा 25 अंशांची असेल तर त्याच्या आतले तापमान 70 अंश होईल आणि त्यात चिंतेचे काही नाही. परंतु खानदेशात मे महिन्यात सावलीतील पारा 45 अंशांपर्यंत जातो. उन्हातील बंद पत्र्याच्या पेटीत हवा 60 अंशांची धरली तर तोच रेग्युलेटर 105 अंशांवर पोचतो. त्याची मर्यादा सव्वाशे अंशांची आहे. म्हणजे तो काठावर असतो, पण तग धरतो.

आता याच कार्डाला कोणी मोबाईलवरून पंप चालविण्याचे उपकरण जोडले आणि प्रवाह 0.2 अँपिअर झाला असे समजू. उष्णता 1.4 वॉट, वाढ 91 अंश आणि एकूण 151 अंश! रेग्युलेटरमध्ये अतितापापासून संरक्षणाची योजना असते. ती कार्यान्वित होऊन तो स्वतःला बंद करतो, थंड झाला की पुन्हा सुरू होतो. दुपारच्या बंदीचे कोडे येथे सुटते. ऊन हे निमित्त आहे, भार हे कारण आहे. शाळेतील विज्ञान शिक्षकांना वॉट, व्होल्ट आणि अँपिअर यांचा संबंध शिकविण्यासाठी याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.

शोध प्रत्यक्ष कसा घ्यावा? प्रथम वीजपुरवठा तोडावा आणि काही मिनिटे थांबावे, कारण मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. त्यानंतर मल्टिमीटरपूर्वी डोळे आणि नाक वापरावे. कार्डावरील तपकिरी डाग, फुगलेला कपॅसिटर, करपलेला वास आणि पायाभोवती गोल चीर पडलेला सैल सोल्डर ही चिन्हे बरेच काही सांगून जातात. कपाशीचे तंतू, धूळ आणि पालीची अंडी हीदेखील या भागातील पेट्यांमध्ये नेहमीची आहेत. कार्ड कमी दाबाच्या स्वतंत्र पुरवठ्यावर असेल, तर त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर देऊन चालू करावे. तो जेथे सर्वांत आधी वाळतो तेथेच उष्णता आहे. मात्र हे द्रव्य ज्वालाग्राही आहे. घरगुती विजेशी थेट जोडलेल्या कार्डावर हा प्रयोग करू नये आणि बोटाने चाचपून पाहण्याची सवय तर मुळीच ठेवू नये.

अवरक्त तापमापक आता स्वस्त झाला आहे, पण चकचकीत धातूवर तो फसवतो आणि खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो. त्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून मोजले की आकडा भरवशाचा येतो.

तापलेला भाग सापडला की तो लगेच बदलण्याचा मोह होतो. बहुतेक दुरुस्त्या येथेच बिघडतात. रेग्युलेटर तापतो याचा अर्थ रेग्युलेटर खराब आहे असा होत नाही. पुढचा दोष तो सोसत असू शकतो. म्हणून त्याच्याकडे येणारा आणि त्याच्याकडून जाणारा दाब मोजावा, मग पुढील भार सोडवून पाहावा. भार काढताच तो थंड झाला, तर दोष पुढे आहे : एखादा गळका कपॅसिटर, आतून जोडला गेलेला डायोड, किंवा वर सांगितलेले नंतर लावलेले उपकरण. येणारा दाबच 12 ऐवजी 16-17 व्होल्ट निघाला, तर ट्रान्सफॉर्मर आणि गावातील विजेचा दाब तपासावा. भार काढूनही ताप उतरत नसेल, तर रेग्युलेटरजवळचे छोटे कपॅसिटर पाहावेत. ते निकामी झाले की रेग्युलेटर स्थिर राहत नाही आणि विनाकारण तापतो. फ्यूज उडाला म्हणून तेथे तांब्याची तार बांधणे हा मात्र गुन्हाच मानला पाहिजे. त्या तारेने संपूर्ण कार्डाचा बळी जातो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. रेग्युलेटरला योग्य मापाची ॲल्युमिनियमची हीट सिंक, मधे उष्णतावाहक पेस्टचा पातळ थर देऊन बसविली, तर दर वॉटमागील वाढ 65 वरून सुमारे 21 अंशांवर येते. मग त्याच 1.4 वॉटला आतले तापमान 90 अंशांच्या आसपास राहते. जुनी पेस्ट वाळून भुकटी झाली असेल तर ती पुसून नवी लावावी. रेग्युलेटरऐवजी स्विचिंग पद्धतीचा छोटा मॉड्यूल बसविल्यास, कार्यक्षमता 85 टक्के धरली तरी, त्याच कामात जेमतेम 0.2 वॉट वाया जातात. पेटी पांढऱ्या रंगाची असावी, भिंतीच्या उत्तर बाजूस सावलीत असावी, खाली आणि वर जाळी लावलेली छिद्रे असावीत. या सावलीचा लाभ कपॅसिटरला सर्वाधिक होतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमानाच्या दर 10 अंश वाढीला साधारण निम्मे होते. 105 अंशांवर 2,000 तास टिकणारा कपॅसिटर 75 अंशांवर सुमारे 16,000 तास, तर 65 अंशांवर 32,000 तास टिकतो.

सौर कृषिपंपांच्या बाबतीत एक वेगळी काळजी घ्यावी लागते. पीएम-कुसुम योजना 2019 मध्ये आणि राज्याची मागेल त्याला सौर कृषिपंप योजना 2024 मध्ये सुरू झाल्यापासून या पेट्या शेतोशेती पोचल्या आहेत. ऊन असेपर्यंत सौर पॅनेल वीज देतच राहते. मुख्य खटका बंद केला तरी त्याच्या अलीकडच्या तारा जिवंतच असतात. या एकदिश विजेची ठिणगी सहज विझत नाही आणि तिचा दाब प्राणघातक असतो. शिवाय मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेतील पंपांना पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी आहे. त्यामुळे अशी पेटी शेतकऱ्याने अथवा गावच्या कारागिराने उघडू नये. पंप किती वाजता बंद पडतो, पेटी उन्हात आहे की सावलीत, पडद्यावर कोणता संकेत दिसतो, हे वहीत टिपून पुरवठादाराकडे तक्रार नोंदवावी. तीन-चार दिवसांच्या अशा नोंदी हाती असल्या की येणाऱ्या तंत्रज्ञाचा निम्मा शोध आधीच झालेला असतो.