नाण्यांची झीज आणि कोसंबींचे गणित

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आपण कला शाखेचे विद्यार्थी इतिहासाच्या तासाला ऐकतो. पण त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय गणित शिकविण्याचा होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते, मलाही नव्हते. १९०७ साली गोव्यात जन्म, १९२९ साली हार्वर्डची पदवी, १९३३ पासून बारा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन आणि पुढे १९६२ पर्यंत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था.

फर्ग्युसनमध्ये असतानाच ते जुन्या चांदीच्या नाण्यांकडे वळले. नवी नाणी वजनाला जवळजवळ सारखी असतात. मग ती बाजारात हिंडू लागतात. आपल्या मांजरीच्या भाजीबाजारात एखादे नाणे दिवसात दहा हात फिरते, दुसरे कुणा आजीच्या बटव्यात वर्षभर पडून राहते. कोणते किती झिजेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही! पण शेकडो नाण्यांचा ढीग घेतला की नियम दिसतो : काळ जाईल तसे सरासरी वजन घटते, आणि नाण्यानाण्यांतील फरक वाढतो. तक्षशिलेच्या आहत नाण्यांत कोसंबींना आढळले की, मागील बाजूस ठसे जितके अधिक तितके सरासरी वजन कमी. म्हणजे हे ठसे नाणे चलनात असताना वेळोवेळी उमटविलेले. नाण्यावर राजाचे नाव नाही, साल नाही. तरी तराजूने त्यांचा क्रम लागला.

१९४३ साली भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांनी याहून खोल प्रश्न घेतला. पावसाळ्यात मुळा-मुठेची पातळी रोज कागदावर मांडली, तर दरवर्षी निराळी वक्ररेषा मिळेल. अशा यादृच्छिक रेषा काही ठराविक रेषांच्या बेरजेने मांडता येतात, असे त्यांनी दाखविले. ठराविक रेषा त्याच राहतात. प्रत्येकीचा वाटा तेवढा दैवाधीन, आणि एकीच्या वाट्याचा दुसरीच्या वाट्याशी सहसंबंध नसतो. बहुतेक चढउतार पहिल्या थोड्या रेषांतच सामावतात, हा त्यातला मोठा फायदा.

फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रेंच गणिती लोएव याच सिद्धांताकडे काही वर्षांनी स्वतंत्रपणे पोचले. जगभर नाव चालले ते या दोघांचे. अलीकडे काही जण कोसंबींचे नाव जोडतात.

१९५९ साली संभाव्यतेच्या मार्गाने रीमानचे गृहीतक सोडविल्याचा त्यांचा दावा मात्र टिकला नाही आणि गणितज्ञांत त्यांची पत घसरली. तो दावा चुकलाच. पण त्या चुकीपायी १९४३ चा लेखही झाकला जावा, हे मला पटत नाही. १९६६ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले.