बेडसे येथील बारा छायाचित्रे

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, कामशेतहून पवना धरणाकडे जाताना वाटेवरच बेडसे हे लहानसे गाव लागते. गावामागील डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. कार्ले आणि भाजे येथे जशी माणसांची रीघ लागते, तशी येथे लागत नाही. सुमारे चारशे पायऱ्या चढून गेलेल्या प्रवाशाला पुष्कळदा केवळ पारव्यांचीच सोबत असते.

दिवाळीच्या सुट्टीत या गावी आजोळी आलेल्या एका मुलीने आजीला एक वचन दिले होते. आजी पूर्वी दरवर्षी लेण्यांत जात असे. परंतु गुडघ्यांच्या दुखण्यामुळे कित्येक वर्षांत तिने पहिली पायरीसुद्धा ओलांडली नव्हती. "तू येऊ नकोस आजी, मीच लेणी तुझ्याकडे आणते," असे म्हणून मुलगी आईचा मोबाइल घेऊन दुपारी निघाली आणि दोन तासांत शंभराहून अधिक छायाचित्रे घेऊन परतली.

आजीने चष्मा लावला. एकामागून एक चित्रे पाहिली. मग संकोचून तिने विचारले, "अगं, हा बोगदा कुठला? आणि हे खांब पडायला आलेत की काय?"

मुलगी हिरमुसली. कॅमेरा चांगला होता, लेणीही तीच होती. मग आजीला ती ओळखू का आली नाहीत?

तिच्या मामांना छायाचित्रणाचा जुना छंद होता. त्यांनी ती चित्रे पाहिली आणि प्रथम एकच प्रश्न केला, "लेण्यांचे तोंड कोणत्या दिशेला आहे?"

बेडशाची लेणी पूर्वाभिमुख आहेत. दुपार कलली की सूर्य डोंगराच्या पाठीमागे जातो आणि दर्शनी भागावर सावली पडते. भाज्याची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून तेथे हीच वेळ अनुकूल ठरली असती. प्रकाश कोठून येतो, हे न पाहता कॅमेरा उघडणे म्हणजे वारा न पाहता धान्य उफणायला बसणे होय. छायाचित्र प्रकाशानेच घडते. बाकी सर्व विचार त्यानंतरचे.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता. आपले डोळे एखादे दृश्य पाहतात, तेव्हा मन त्यातील हवे तेवढेच निवडते. डोंगर पाहताना मधली विजेची तार आपल्याला जाणवत नाही. कॅमेऱ्याला मात्र निवड करता येत नाही. तो तारही टिपतो, पायऱ्यांवरची रिकामी बाटलीही टिपतो आणि प्रचंड डोंगर मात्र बोटभर करून ठेवतो. म्हणून चौकटीत काय घ्यावे याहून काय वगळावे, याचा विचार छायाचित्रकाराला आधी करावा लागतो. चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवण्याची सवय लागली, की निम्मे दोष आपोआप टळतात.

"उद्या सकाळी जाऊ," मामा म्हणाले, "पण छायाचित्रे बाराच काढायची."

"बाराच? मामा, मोबाइलमध्ये तर हजारो मावतात!"

पूर्वी १२० क्रमांकाच्या फिल्मच्या एका गुंडाळीवर सहा सेंटिमीटरची चौकोनी अशी बाराच छायाचित्रे निघत. फिल्म महाग असे आणि धुऊन येईपर्यंत चित्र कसे आले ते कळत नसे. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी मनुष्य पुष्कळ वेळ नुसता पाहत राही. मामांनी मुलीला अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराची हकीगत सांगितली. १९२७ सालच्या एप्रिल महिन्यात तो योसेमिटी खोऱ्यात 'हाफ डोम' या उत्तुंग कड्यासमोर उभा होता. त्याच्याजवळ केवळ दोन काचपट्ट्या उरल्या होत्या. एक त्याने पिवळी गाळणी लावून वापरली. लगेच त्याच्या मनात आले, की आपल्याला हा कडा जसा भासतो आहे तसा या चित्रात उतरणार नाही. आकाश फिकट येईल. त्याने शेवटच्या पट्टीसाठी गडद लाल गाळणी लावली. आकाश जवळजवळ काळे झाले आणि कडा त्यातून उजळून उठला. चित्र काढण्यापूर्वीच ते मनात पाहण्याची ही रीत त्याने पुढे आयुष्यभर जोपासली.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वीच मामा, भाची आणि धाकटा मामेभाऊ असे तिघे निघाले. पायथ्याशी भाताची खाचरे पिवळी झाली होती. मुलीने नेहमीप्रमाणे मोबाइल डोळ्यांसमोर धरला. क्षितिजरेषा बरोबर मध्यावर आली, वर आकाश अर्धे, खाली शेत अर्धे. कोणते महत्त्वाचे, तेच कळेना. जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली, म्हणजे छायाचित्रणाचा शोध लागण्याच्याही आधी, निसर्गचित्रासाठी एक सूचना लिहून ठेवली होती: चित्राचे दोन समान भाग करू नयेत, एकास दोन असे प्रमाण राखावे. आज मोबाइलच्या पडद्यावर आडव्या-उभ्या रेघांची जी जाळी दिसते, ती याच विचारातून आली आहे. मात्र ही केवळ सूचना आहे, कायदा नव्हे. शांत पाण्यात डोंगराचे प्रतिबिंब पडले असेल, तर मध्यावरचे क्षितिजही शोभून दिसते.

आकाश त्या दिवशी निरभ्र, म्हणजे चित्राच्या दृष्टीने रिकामे होते. मुलीने ते एक तृतीयांशच ठेवले. मग ती खाली वाकली आणि तिला खाचराचा बांध दिसला. तो तिच्या पायांपासून निघून वळत वळत डोंगराकडे गेला होता. उभे असताना तो दिसत नव्हता असे नाही, पण आता तो चित्रातली वाट झाला. पाहणाऱ्याची नजर त्या बांधावरून चालत डोंगरापर्यंत पोहोचणार होती. मुलीने कळ दाबली. पहिले छायाचित्र.

खरी परीक्षा लेण्यांपाशी होती. बेडशाच्या चैत्यगृहासमोरचा खडक कारागिरांनी पूर्ण काढून टाकलेला नाही. त्यामुळे दोन पाषाणभिंतींमधल्या चिंचोळ्या वाटेने आत जावे लागते आणि एकाएकी सुमारे २५ फूट उंचीचे स्तंभ समोर उभे राहतात. तळाशी कलश, त्यावर अष्टकोनी खांब, वर उमललेले उलटे कमळ आणि सर्वांत वर हत्ती, घोडे, बैल यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची युगुले. मागे सरकायला जागाच नाही! आदल्या दिवशी मुलीने स्तंभांजवळ उभे राहून मोबाइल वर कलता धरला होता. कॅमेरा असा वर कलला, की उभ्या रेषा शेंड्याकडे एकमेकींजवळ येतात आणि खांब मागे कोसळत असल्यासारखे दिसतात. आजीची शंका चुकीची नव्हती.

आता ती चिंचोळ्या वाटेच्या बाहेरच्या टोकापर्यंत मागे गेली. मोबाइल उभा आणि अगदी ताठ धरला. दोन्ही बाजूंचे काळे खडक आदल्या दिवशी अडथळा वाटले होते. आता त्यांचीच चौकट झाली आणि त्या चौकटीत सकाळच्या उन्हाने सोनेरी झालेला स्तंभ उभा राहिला. तरीही काहीतरी उणे होते. स्तंभ उंच आहे हे चित्र पाहणाऱ्याला कशावरून कळावे? तो पाच फुटांचाही असू शकेल. मुलीने मामेभावाला कलशाशेजारी उभे केले. तो कलशापाशी एखाद्या बाहुल्यासारखा दिसू लागला. स्तंभाला त्याची उंची परत मिळाली.

आतील स्तूप अंधुक होता. त्यासाठी हात भिंतीला टेकवून श्वास रोखावा लागला. अर्धगोलाकार शेवटाच्या विहाराचे एकच चित्र घेतले. माथ्यावरील युगुलांसाठी मात्र मुलगी बराच वेळ थांबली, कारण ऊन तिरपे असतानाच दगडातील उठाव दिसतो. ऊन समोरून सपाट पडले की कोरीव कामही सपाट होते. खाली उतरताना मामांनी मोजले: अकरा छायाचित्रे झाली होती.

घरी आल्यावर आजीने पुन्हा चष्मा लावला. बांधाचे चित्र पाहून ती म्हणाली, "हे आपलं खालचं खाचर." चिंचोळ्या वाटेच्या चित्रावर मात्र ती काही बोलली नाही. तिने बोट पडद्यावर ठेवून दोन खडकांच्या मधोमध हळूच वर नेले, अगदी कमळापर्यंत.

"लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा याच वाटेत तुझे आजोबा पुढे होते," ती म्हणाली, "आणि मला वाटलं, आत काही नसेलच. हा पोरगा उभा आहे ना, तिथेच ते थांबले होते."

मुलीने मोबाइल उचलला. आजी अजून पडद्याकडेच पाहत असल्यासारखी, खिडकीच्या उजेडात मान किंचित झुकवून बसली होती. मुलगी एक पाऊल मागे सरली, चौकटीच्या चारही कडा पाहिल्या, आणि बारावे छायाचित्र घेतले.