विटांची आगगाडी आणि वळणाचे गणित

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने खेळण्यातल्या आगगाडीवर लेख लिहावा, हे आमच्या काही प्राध्यापकांना चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या वर्षी या आगगाडीने माझी शिकवणी जवळजवळ घालविली होती, आणि शिकवणी म्हणजे माझी परीक्षा-फी. त्यामुळे या विषयाचा अभ्यास मी हौसेने नव्हे, गरजेने केला.

ज्या मुलाला मी शिकवितो, त्याच्या मामाने परदेशातून लेगोच्या विटांची आगगाडी आणली होती. लेगो ही डेन्मार्कमधील बिलुंड गावची कंपनी. ओले कर्क क्रिस्टियनसेन या सुताराने १९३२ साली ती सुरू केली, ती लाकडी वस्तू करण्यासाठी. आज आपण पाहतो त्या विटेचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाले. विटेवर गोल उंचवटे असतात. आम्ही त्यांना बटणे म्हणतो. दोन बटणांमधील अंतर ८ मिलिमीटर. हे माप अजूनही बदललेले नाही, म्हणून साठ वर्षांपूर्वीची वीट आजच्या विटेवर घट्ट बसते. पुढील सर्व हिशेब या आठाच्या पाढ्यावर चालतो.

विटांची पहिली विद्युत् आगगाडी १९६६ मध्ये आली. रूळ निळे, स्लीपर पांढरे आणि मोटर साडेचार व्होल्टची, बॅटरीवर चालणारी. १९६९ मध्ये बारा व्होल्टची गाडी निघाली. तिच्या रुळांच्या मधोमध वीज वाहणाऱ्या पट्ट्या बसवीत. १९९१ पासून नऊ व्होल्टची पद्धत आली. तिच्यात रुळांवरच धातूचा पत्रा असे आणि गाडी चाकांतून वीज घेई. ही पद्धत दिसायला सर्वांत सुबक, पण तिच्यात एक खोच होती. एका रुळात धन आणि दुसऱ्यात ऋण वीज असल्यामुळे, गाडी गोल फिरून त्याच मार्गावर उलट तोंडाने परत यावी असा फास घातला की डावा रूळ उजव्याला जाऊन भिडे आणि शॉर्टसर्किट होई. २००६ पासून बॅटरी पुन्हा गाडीत आली, रूळ निव्वळ प्लॅस्टिकचे झाले आणि ही अडचण संपली. २०१८ पासूनच्या गाड्या ब्लूटूथवर चालतात. आमच्या विद्यार्थ्याची गाडी याच जातीची.

आता मूळ गोष्टीकडे येतो. या गाड्यांचे डबे साधारण सहा बटणे, म्हणजे ४८ मिलिमीटर रुंद असतात. रुळांमधील अंतर सुमारे ३८ मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे प्रमाण सुमारे ४४ पट. आपला डबा सव्वातीन मीटर रुंद. त्याला ४४ ने भागले तर खेळण्यातला डबा नऊ बटणांचा हवा! कंपनीने तो अरुंद आणि आखूड ठेवला, तो कंजूषपणाने नव्हे. कारण वळणात आहे. नेहमीच्या वळणाचे सोळा तुकडे जोडले की पूर्ण वर्तुळ होते आणि त्याची त्रिज्या अवघी ४० बटणे, म्हणजे ३२० मिलिमीटर भरते.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. खरी एक्सप्रेस दिसावी म्हणून मी एक लांबलचक डबा बांधला. त्याच्या दोन चाकगाड्यांमधील अंतर ३० बटणे ठेवले. (चाकांच्या या जोडगाडीलाच रेल्वेत बोगी म्हणतात; आपण डब्याला बोगी म्हणतो ते चूक, असे आमचे आप्पा सांगतात.) वळणावर डब्याचा मध्य आत सरकतो. २० बटणे अंतर असेल तर सुमारे १० मिलिमीटर, पण ३० बटणे असेल तर २३ मिलिमीटर! अंतर दीडपट, सरकणे सव्वादोन पट. त्यात डब्याची अर्धी रुंदी मिळवा: ४७. स्लीपरची कड मात्र मध्यापासून ३२ मिलिमीटरवरच संपते. स्लीपरला लागून उभा केलेला सिग्नल माझ्या डब्याने पहिल्याच फेरीत आडवा केला, त्यात नवल नाही.

सिग्नलचे भागले. पण सांध्यावरून बाजूच्या मार्गावर जाताना डबा घसरला आणि इंजिनाला ओढून टेबलावरून फरशीवर घेऊन गेला. इंजिन चालेना. मुलाच्या वडिलांनी “एवढी महागाची वस्तू, सर” एवढेच म्हटले. ‘सर’ हा शब्द त्या दिवशी मला फार टोचला.

घरी आप्पांना सांगितले. आप्पा रेल्वेत गँगमन. कागदावर आता ट्रॅक मेंटेनर लिहितात. कॉलेजात वडील काय करतात असे कुणी विचारले तर मी नुसते ‘रेल्वेत’ म्हणत असे. मी खडूने फरशीवर मार्ग काढून दाखविला. ते वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, “सांध्याचं वळण उजवीकडं, अन् त्याला लगीच डावं वळण चिकटवलंस व्हय? मधी सरळ रूळ कुठाय?”

दोष नेमका तोच होता. वळणावर डब्याची टोके बाहेरच्या बाजूस जातात. उजवे आणि डावे वळण सलग आले की एका डब्याचे टोक एकीकडे आणि दुसऱ्याचे दुसरीकडे. डबे जोडणारे लोहचुंबक मी दिसायला बरे म्हणून डब्याच्या अंगालाच बसविले होते. त्यांनी एकमेकांना आडवे ओढले. कंपनीच्या गाडीत ते चाकगाडीवर असतात आणि तिच्याबरोबर फिरतात.

पुढच्या रविवारी मी चुंबक चाकगाडीवर नेले आणि दोन वळणांमध्ये १२८ मिलिमीटरचा एक सरळ तुकडा टाकला. बाजूच्या मार्गाचे दुसरे टोक मोकळेच असल्यामुळे जुळवाजुळव करावी लागली नाही. इंजिनात मोटरची तार सुटली होती, एवढेच. मुलाने पहिल्यांदा गाडी सावकाश सोडली, मग भरधाव. मुलाच्या वडिलांनी विचारले, “हे कुठं शिकलात?” मी म्हणालो, “माझे वडील गँगमन आहेत.”

आता त्या मुलाला फास घालायचा आहे. गाडी बॅटरीची असल्याने विजेची भीती नाही, पण तेवढी वळणे पेटीत नाहीत.