घरातलं एकच नेलकटर

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या पायाच्या अंगठ्याचं नख दोन-तीन वर्षांपासून पिवळं आणि जाड झालंय, कापताना त्याचा भुगा पडतो. बुरशी असावी असं सगळे म्हणतात. नेलकटर घरात एकच आहे. आम्हाला लागेल का? आणि त्यांना ती लागली कुठून? ते दुसऱ्याच्या चपलेत कधी पाय घालत नाहीत.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : बुरशीच असेल, तर ती बहुधा त्यांच्याच बोटांच्या बेचक्यांतून आलेली आहे. पावसाळ्यात बेचक्या पांढऱ्या पडतात, सोलतात, खाजतात. आपण त्याला चिखल्या म्हणतो आणि ऊन पडलं की बरं होईल म्हणून सोडून देतो. सगळ्याच चिखल्या बुरशीच्या नसतात. पण ज्या असतात, त्या खाज थांबली तरी पायावर टिकून राहतात. तिथून बुरशी नखाच्या पुढच्या कडेखाली शिरते आणि हळूहळू मुळाकडे सरकते.

तिचं नाव बहुतेक वेळा ट्रायकोफायटन रुब्रम. नखं, केस आणि कातडीचा वरचा थर ज्या केरॅटिनचा बनलेला असतो, तेच तिचं अन्न. ती मूळची आग्नेय आशियातली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. तिथल्या अनवाणी माणसांच्या अंगावर ती गजकर्णासारखी उमटायची, पावलांवर क्वचितच. बूट घातलेले युरोपीय तिथे पोचले आणि दिवसभर बंद राहणारं, घामेजलेलं पाऊल तिला मिळालं. विसाव्या शतकातल्या लढायांनी आणि प्रवासांनी तिला जगभर नेलं. तेव्हा परक्या चपलांवर संशय घेण्याआधी स्वतःचे दमट बूट पाहावेत.

पायाच्या कोंड्याबरोबर ही बुरशी गळते आणि न्हाणीघराची फरशी, टॉवेल, मोजे यांवर महिनोन्महिने जिवंत राहू शकते. पण अंगाला लागली म्हणजे रुजली असं नाही. धडधाकट, कोरडं नख सहसा दाद देत नाही. ठेच लागून उचकटलेलं नख, घट्ट बूट, मधुमेह, सोरायसिस किंवा वयामुळे मंदावलेली वाढ असेल तर तिचं फावतं. लहान मुलांची नखं पातळ आणि भराभर वाढणारी, म्हणून त्यांना ती क्वचितच होते.

नेलकटर मात्र आजपासून वेगळं करा. टॉवेल, मोजे आणि न्हाणीतल्या सपाताही. साबण, ताट-वाटी वेगळी करून म्हाताऱ्या माणसाला अवघडून टाकायची काही गरज नाही.

हाताच्या नखांची गोष्ट जरा निराळी. धुणीभांडी करणाऱ्या, मासळी साफ करणाऱ्या बायकांचे हात सतत पाण्यात असतात. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी सुटते आणि तिथे कॅन्डिडा नावाचं यीस्ट शिरतं. पुन्हा पुन्हा होणाऱ्या नखुरड्यामागे पुष्कळदा हेच असतं, आणि ते दुसऱ्याकडून यावं लागत नाही. आपल्याच अंगावर वस्तीला असतं.

आता सासऱ्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. जाड-पिवळ्या नखांपैकी जवळपास निम्म्यांत बुरशी नसतेच. सोरायसिस किंवा जुना मार असतो. नखाखालचा भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. चाचणी साधी आहे, ती केल्याशिवाय गोळ्या सुरू करू नयेत, कारण पायाच्या नखासाठी त्या साधारण 3 महिने घ्याव्या लागतात आणि कधीकधी यकृताची तपासणीही करावी लागते. गोळ्या संपल्या तरी नख लगेच सुधारलेलं दिसणार नाही. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं. या काळात बेचक्यांवरही उपचार हवेत, नाहीतर तीच बुरशी नव्या नखात शिरते.

औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली मिश्र मलमं लावू नका. त्यांत अनेकदा स्टिरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी पसरत राहते. सासऱ्यांकडे अशी एखादी ट्यूब असेल तर डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.