एकाच रंगाच्या तीन पेट्या

(बी. ए. द्वितीय वर्ष)

“पापण्यांना लावायचे रंग हा काय वार्षिकांकात लिहिण्याचा विषय आहे?” असे माझ्या मैत्रिणीने मला विचारले. विषय किरकोळ दिसतो खरा. परंतु औरंगपुऱ्यातून गुलमंडीकडे चालत निघाले की दुकानांच्या काचेआड ज्या आयशॅडोच्या पेट्या मांडलेल्या असतात, त्या जरा थांबून पाहाव्यात. तोच विटकरी, तोच चॉकलेटी, तोच सोनेरी. नाव मात्र प्रत्येकीवर निराळे, आणि किंमत दोनशे रुपयांपासून दोन हजारांपर्यंत! रंग तेच असतील तर हे अंतर कशाचे?

हा प्रश्न मला हौसेने पडलेला नाही. सुटीच्या दिवशी मी आमच्या वस्तीतील नवरीचा मेकअप करून देते. त्या पैशांतून परीक्षेची फी व बसचा पास निघतो. मागील लग्नसराईत एका नवरीच्या पापणीवर मी स्वस्तातील चमकी लावली आणि हळदीच्या मांडवातच तिचा डोळा लाल होऊन पाणी वाहू लागले. थंड पाण्याने डोळा धुतला, तासाभराने उतार पडला, कोणी मला बोलले नाही. पण ती रात्र मला झोप आली नाही. घरी येऊन पेटी उलटी केली तर मागे कारखान्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटकद्रव्यांची यादीही नाही! ती पेटी मी फेकून दिली आणि दुसरी घेण्यापूर्वी नीट अभ्यास करावयाचा असे ठरविले.

प्रथम पेट्या एकसारख्या का, ते पाहू. अमेरिकेतील अर्बन डिके या कंपनीने २०१० साली ‘नेकेड’ नावाची बारा रंगांची पेटी काढली. तीत बहुतेक तपकिरी, मातकट, सोनेरी रंग होते. ती इतकी खपली की जगभर तिच्या प्रतिकृती निघाल्या. मूळ पेटी २०१८ साली बंद झाली, पण तिची भावंडे अजून आपल्या दुकानांत नांदत आहेत. आपल्याकडे टाटांनी १९५२ साली ‘लॅक्मे’ सुरू केली, तेव्हा निवड करण्याचा प्रश्नच फारसा नव्हता. आता शुगर, नायका, स्विस ब्यूटी अशी कितीतरी नावे एकाच फळीवर असतात. त्यातही पेटीमागे ‘उत्पादक’ आणि ‘विक्रेता’ असे दोन निरनिराळे पत्ते पुष्कळदा आढळतात. म्हणजे नाव एकाचे व कारखाना दुसऱ्याचा. एकच कारखाना अनेक नावांसाठी माल करून देऊ शकतो, ही गोष्ट मला तरी नवीन होती.

आता घटकद्रव्ये. मी तीन पेट्या जमविल्या. एक माझी (दोनशे वीस रुपये), एक जेथे मी काम शिकते त्या पार्लरची (सहाशे) व एक मैत्रिणीच्या बहिणीला पुण्याहून भेट आलेली (अठराशे). वार्षिकांक काही जाहिरातीची जागा नव्हे, म्हणून त्यांना क, ख, ग म्हणू. तिन्हींच्या मागे सी. आय. ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे आकडे होते. रंगद्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतील हे क्रमांक आहेत. पहिला तांबडा, दुसरा पिवळा, तिसरा काळा, आणि तिन्ही लोहाची ऑक्साइडे! त्यांत ७७८९१, म्हणजे पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड, कमीअधिक मिसळले की हवा तो तपकिरी रंग तयार होतो. म्हणजे दोनशे वीसच्या आणि अठराशेच्या पेटीतील विटकरी रंगाची मूळ द्रव्ये एकच. मात्र हे आकडे बहुधा यादीच्या शेवटी एकत्र छापलेले असतात. कोणता रंग किती घातला ते त्यावरून कळत नाही.

ते कसे ओळखावे, हे मला आईने शिकविले. आईला अक्षरओळख नाही. मी यादी वाचत बसलेली पाहून ती म्हणाली, “अगं, गिरणीतून पीठ आणल्यावर कसं बघतीस? चिमटीत घेऊन बघ की!”

तसेच केले. सकाळी अंगणात, उजेडात, मनगटावर प्रत्येक पेटीतील विटकरी रंग एकेकदा बोटाने ओढला. (दुकानातील पांढऱ्या दिव्याखाली सारेच रंग गोड दिसतात, तेथे निर्णय करू नये.) क चिमटीत खडूसारखा लागला, पूड खाली सांडली आणि माझ्या सावळ्या कातडीवर तो विटकरी न दिसता राखाडी दिसला. ख पहिल्याच बोटात उमटला. ग सर्वांत मऊ, परंतु ख शेजारी ठेवला तर दोन हातांवरून फरक सांगता येईना. दुपारपर्यंत क विरून गेला, ख आणि ग टिकून होते.

याचे कारण भरणीत आहे. टाल्कसारखी पांढरी पूड जास्त आणि रंगद्रव्य कमी असले की पेटीत रंग बरा दिसतो. पण अंगावर तीच पांढरी पूड वर येते. गोऱ्या कातडीवर ते खपून जाते, आपल्यावर जात नाही. शिवाय द्रव्य किती बारीक दळले आणि कोणत्या तेलात बांधले, यावर मऊपणा व टिकाऊपणा अवलंबून असतो. पैसे पडतात ते मुख्यतः या दळण्या-बांधण्याचे, आणि उरलेले डबीचे, आरशाचे व जाहिरातीतील नटीचे!

एका बाबतीत मात्र माझा अंदाज साफ चुकला. क मधील सोनेरी रंग ग मधल्याच्या बरोबरीने चमकला. हा चकाकणारा रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर दिलेला अभ्रक. ते पापुद्रे आपोआप उजेड परतवितात, त्यामुळे हलक्या पेटीतही ते उठून दिसतात. (हा अभ्रक झारखंडात कोडरमा, गिरिडीहकडे निघतो आणि तेथील सोडून दिलेल्या खाणींत लहान मुले तो वेचतात, हे वाचल्यापासून त्या चकाकीकडे पूर्वीसारखे पाहवत नाही.) चमकीचे प्लॅस्टिकचे तुकडे ही वस्तू मात्र निराळी, कागदी सजावटीची चमकी डोळ्याजवळ नेऊच नये.

राहिला प्रश्न क चे काय करावे हा. त्याचे उत्तर अजिंठ्यास मिळाले. इतिहासाच्या सहलीत सरांनी सांगितले की तेथील चित्रकारांनी खडकावर एकदम रंग लावला नाही. आधी मातीचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालविलेला रंग. आणि रंग कोणते? तांबडी व पिवळी गेरू, म्हणजे पुन्हा लोहाची ऑक्साइडेच! पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर उभी राहून मी मनात ७७४९१ म्हटले आणि मला हसू आले. निळा तेवढा लाजवर्दी दगडाचा, दूर अफगाणिस्तानाकडून आलेला. त्याचेच कृत्रिम रूप आज सी. आय. ७७००७ म्हणून पेटीत असते, आणि तेच निळीच्या पुडीत घालून आमच्या घरी पांढरे कपडे धुतले जातात.

घरी आल्यावर पापणीवर आधी कातडीच्या रंगाच्या कन्सीलरचा पातळ हात दिला आणि त्यावर क लावला. राखाडीपणा बराचसा गेला. टिकला मात्र ख च्या निम्म्यानेही नाही.

माझ्याजवळ नऊशे रुपये साठले होते. सहाशेची ख घेतली. घेताना २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच व मुदत पाहिली. परदेशी माल असेल तर आयातदाराचा पत्ता व नोंदणी क्रमांक असावा लागतो. दुकानदार म्हणाला, “ताई, पुस्तक वाचताय का?” उरलेल्या पैशांत कन्सीलर आला. क मधील सोनेरी रंग ठेवून दिला आहे. अक्षय्यतृतीयेला आमच्या गल्लीत दोन लग्ने आहेत, आणि त्यांतील एक नवरी म्हणजे जिचा डोळा लाल झाला होता तिची धाकटी बहीण. तिने मलाच बोलाविले आहे.